फाटकाजवळची खुर्ची

ती घटना आजही मनातून जात नाही, आणि नेमकी दुपारी जेवायला बसलो की समोर येते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत रस्त्यावर उभा राहिलो. लोकांना वाटतं, निवृत्त पोलिसाला तेच आठवत असणार. मला आठवते ती अकोल्याच्या एका दालमिलच्या फाटकाजवळची प्लॅस्टिकची खुर्ची, आणि तिच्यावर बसलेला माणूस.

कोणाचंही नाव मी सांगणार नाही. ज्याच्यावर आळ आला त्याला मिलमध्ये सगळे भाऊ म्हणत, मीही तेच म्हणतो. त्याच्या जोडीदाराला मामा म्हणत. दोघांचं नातं काही नव्हतं. उमेदीची सारी वर्षं एका छपराखाली गेली, एवढंच.

मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. पोलीस निरीक्षक हा शब्द आमच्या वऱ्हाडात फक्त पाटीवर असतो, लोकांच्या तोंडी ठाणेदारच. हद्दीत औद्योगिक वसाहत होती. लॉकडाऊन उठून बरेच दिवस झाले होते, पण धंदा काही उठला नव्हता. कित्येक मिलांच्या फाटकांना कुलपं लागली होती, चालू होत्या त्या एकाच पाळीत. ठाण्यात येणाऱ्या तक्रारीही बदलल्या होत्या. चोऱ्यांपेक्षा घरातली भांडणं जास्त, दारू जास्त, न सांगता निघून गेलेले बाप जास्त. हाताला काम नसलं की माणूस घरच्यांवर उलटतो किंवा स्वतःवर. ठाण्याच्या बाकावर आठवडाभर बसलं तरी हे कोणालाही कळेल.

दुपारी क्वार्टरवरून माझा डबा यायचा आणि पाठोपाठ घरून फोन. "जेवले का?" माझी बायको परतवाड्याची, बोलणं मोजकं. मी खेकसायचो, "अगं, आरोपी समोर बसलाय." तिला त्याचं काही नसे. "मंग त्यालेबी इचारा, जेवला का." समोर बसलेल्या हवालदारबाई तोंडाला पदर लावल्यासारखा रुमाल लावून हसायच्या. साहेबाची जरब कशी राहणार?

तर एक दिवस त्या मिलचा मॅनेजर फिर्याद घेऊन आला. मालकाचा जावई, कडक इस्त्रीचा शर्ट. डाळ निवडायच्या मशीनमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड आदल्या दुपारी चोरीला गेलं होतं. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी, पण तिच्याशिवाय ते महागडं मशीन म्हणजे नुसता पत्रा. नवीन कार्ड बाहेरून यायला किती दिवस लागतील ते सांगता येत नव्हतं.

"चोर कोण ते मी सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने भाऊचं नाव घेतलं. चोरी सिद्ध झाली तर भाऊला कामावरून काढता येईल आणि निघताना काही द्यावंही लागणार नाही, हे त्याने सांगितलं नाही, पण त्याच्या घाईवरून मला दिसलं. फिर्यादी चोराचं नाव खिशात घालूनच येतो, तेव्हा फिर्यादीचाही खिसा चाचपावा, असं मला एका जुन्या फौजदाराने शिकवलं होतं.

गुन्हा दाखल केला, भाऊला नोटीस दिली. अटक केली नाही, चौकशीसाठी हजर राहा म्हटलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याची झाडलोट चालली होती तेवढ्यात हा गृहस्थ दारात उभा. पन्नाशीपलीकडचा, धुतलेला पांढरा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. कामावर आल्यासारखा आला होता.

हवालदारबाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा भाऊ."

"नाई बाई, मी उभाच बरा हाओ," तो म्हणाला. "खुर्ची नको."

ठाण्यात लोक खुर्चीसाठी भांडतात. खुर्ची मिळाली की माणसाला वाटतं आपली सुटका झाली. नको म्हणणारा मी पहिल्यांदा पाहिला, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

चौकशी सुरू केली. गाव कोणतं, मिलमध्ये कधीपासून, काम काय. साध्या प्रश्नांना लोक दोन शब्दांत उत्तर देतात. भाऊ बोलतच राहिला. तो निवडणीच्या खात्याचा मुकादम होता. मशीन येण्याआधी पन्नासेक बाया सुपं घेऊन बसत आणि डाळीतला काळा दाणा, खडा वेचून काढत. कोणत्या बाईचं पोर शिकून मास्तर झालं, कोणती गाणं म्हणायची, कोणतीला सकाळी उशीर व्हायचा आणि का, सगळं तो सांगत राहिला. मधेच थांबून माझ्याकडे बघायचा, मी ऐकतो आहे ना याची खात्री करायचा आणि पुढे सुरू. चहा आला तेव्हा कप दोन्ही हातांत धरून त्याने विचारलं, "माह्यासाठी?"

शेवटी मी मुद्द्यावर आलो. "कार्ड कोणी घेतलं?"

"मीच घेतलं, साहेब."

मी चमकलो. माझ्या उभ्या नोकरीत चहा संपायच्या आत कोणी गुन्हा कबूल केला नव्हता.

"कुठे आहे?"

"मोर्णेत टाकलं." मग थोडं पुढे वाकून म्हणाला, "साहेब, लॉकअपमंदी संगं माणसं असतात ना?"

"असतात."

"मंग चालते."

हवालदारबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे आता टीव्ही पाहणाऱ्या पोरांनाही ठाऊक आहे. आरोपीने वस्तू काढून दिली तर गोष्ट वेगळी. म्हणून दोन पंच बोलावले, निवेदन पंचनामा केला आणि भाऊला घेऊन मोर्णेच्या पुलावर गेलो. जलकुंभीच्या हिरव्या पानांनी नदी भरली होती, पाणी शोधावं लागत होतं. भाऊने आधी पुलाच्या या अंगाला बोट दाखवलं, मग त्या अंगाला. मी आवाज चढवला तेव्हा मधोमध दाखवलं. येता-जाता मात्र जीपमध्ये त्याची पंचांशी गट्टी जमली. एक पंच शिंपी होता. भाऊ त्याला विचारत होता, रेडिमेडमुळे तुमचं कसं चालून राहिलं, बायांचे ब्लाउज तरी येतात का शिवायला. ठाण्यात उतरल्यावर शिंप्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, हा चोर हाय काय? दिवाळीत आमच्याकडं काई इतकं बोलनं होत नाई."

पंचनाम्यात लिहायला काही नव्हतं.

खरी बातमी चहाच्या टपरीवरून आली. मिलच्या फाटकासमोर एका बाईची टपरी होती. हवालदारबाई साध्या साडीत जाऊन तिथे चहा प्यायल्या आणि सहज विषय काढला. टपरीवालीने गॅस बारीक केला.

"कार्डाचं मले नाई मालूम, बाई. पन त्या मानसाले त्याइनं खुर्चीवर वाळत घातलं हाय, पापडावानी. रोज माह्या डोळ्यासमोर."

मग तिने सांगितलं ते असं. मशीन आलं, निवडणीच्या बाया गेल्या, मुकादमाला काम उरलं नाही. काढून टाकावं तर त्याची देणी द्यावी लागतात, म्हणून मॅनेजरने दुसरा उपाय काढला. फाटकाजवळ, वजनकाट्याच्या बाजूला, एक खुर्ची मांडली. सकाळी अंगठा लावायचा आणि दिवसभर तिथे बसायचं. मोबाइल फाटकावर जमा. काम नाही, सावलीत खुर्ची सरकवायची नाही. कोणी त्याच्याशी बोलायचं नाही. जो बोलेल त्याच्यासाठी तशीच दुसरी खुर्ची भिंतीला टेकवून तयार ठेवलेली. कंटाळून स्वतःच राजीनामा देईल, हा हिशेब. पण भाऊ बसतच राहिला. होळी गेली, उन्हाळा गेला, पोळा झाला.

हवालदारबाई हे सांगत होत्या तेव्हा मला त्याचं ते "खुर्ची नको" आठवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मारहाण झाली असती तर मला कलम सापडलं असतं. माणसाशी बोलू नका, हे कोणत्या कलमात बसवायचं?

मी मिलमध्ये गेलो. खुर्ची होती, भिंतीला टेकवलेली दुसरीही होती. मॅनेजरला विचारलं, "यांना काम काय दिलंय?"

"सध्या बसून आहेत, सर. पगार चालू आहे. आम्ही तर उपकारच करतोय."

"दिवसभर बसून असतात?"

"जागचे हलत नाहीत. कॅमेराच लावलाय ना त्यांच्यावर."

"मग मशीनपर्यंत कधी गेले?"

मॅनेजर वर कॅमेऱ्याकडे बघायला लागला. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो तेव्हा त्याला तो खड्डा ओळखता येत नाही. मी त्या दुपारचं चित्रीकरण मागून घेतलं. भाऊशी कोण बोलतं ते पकडायला लावलेल्या कॅमेऱ्याने भाऊ निर्दोष असल्याचा पुरावा दिला. नळावर जाऊन पाणी पिण्यापुरता तो उठला होता, बाकी खुर्चीवर. चित्र पळवत पाहिलं तरी दुपार सरता सरेना. माणसं पुढून जातात, हमाल पोती घेऊन जातात, एकही जण मान वळवत नाही. भाऊ मात्र प्रत्येकाकडे बघतो. माणूस पुढे गेला तरी थोडा वेळ बघत राहतो. मला ते बघवेना. मी उठून खिडकीपाशी गेलो.

आता कोडं उलटं झालं. भाऊने चोरी केली नव्हती, तरी तो तुरुंगात जायला तयार होता. त्याच्या पाठीमागे लपलेला कोणीतरी होता, आणि भाऊ त्याचं नाव सांगणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डबा घेऊन हजर. बोलावलंही नव्हतं. मी खोटेपणाबद्दल त्याला फैलावर घेतलं, कॅमेऱ्याचं सांगितलं. तो एकच सांगत राहिला. "मीच घेतलं," एवढंच. दुपार झाली, घरून फोन आला, आणि फोन ठेवता ठेवता माझ्या तोंडून बायकोचाच प्रश्न निघाला.

"भाऊ, जेवले का?"

तो बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसला आणि डबा उघडला. हवालदारबाई शेजारीच जेवत होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं. डब्याचे दोन्ही कप्पे ज्वारीच्या भाकरींनी भरलेले. दोघांच्या पोटाच्या भाकरी. भाजी नाही, पिठलं नाही, चटणीसुद्धा नाही. पुडीतलं मीठ काढून तो कोरडी भाकर खात होता.

"काहून भाऊ, वहिनी रागावली काय? भाजी नाई दिली?"

"भाजी मामा आणते," तो बोलून गेला. मग घास हातातच राहिला.

त्यानंतर तो गप्प झाला. दोन दिवसांत तो पहिल्यांदा गप्प होता, आणि मला वाट सापडली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी मिलमध्ये गेलो. मामा हा ते निवडणीचं मशीन चालवणारा कामगार, हे मॅनेजरकडून कळलं होतं. चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, साठवायच्या शेडमागे तो एकटा बसला होता. समोर डबा उघडा, कप्प्याकप्प्यात भाजी, एका माणसाला संपणार नाही एवढी. हातात टपरीवरचा पाव. मी वर्दीतच त्याच्या शेजारी पोत्यावर बसलो.

"भाकर कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने पाव खाली ठेवला. मग डोळे पुसून म्हणाला, "भाकर भाऊची असते, साहेब."

वर्षानुवर्षांचा रिवाज होता तो. भाऊच्या बायकोची भाकर चांगली, मामाच्या बायकोची भाजी चांगली. म्हणून भाऊ दोघांची भाकर आणायचा, मामा दोघांची भाजी. खुर्ची मांडली गेली तेव्हापासून एकत्र बसणं बंद झालं. पण घरी सांगायची लाज. भाऊने बायकोला सांगितलं नाही की आपल्याला असं बसवून ठेवलंय, आणि मामाने सांगितलं नाही की आपण भाऊशी बोलणं टाकलंय. दोन्ही घरच्या चुलींवर अजून दोघांचाच स्वयंपाक चालला होता.

"कार्ड काहून काढलं?" मी विचारलं.

"मशीन आलं अन् बाया गेल्या. बाया गेल्या अन् भाऊ खुर्चीवर गेला. मले वाटलं, मशीन बंद पडलं तं बायाईले परत बोलावतीन, अन् भाऊले तिथून उठवतीन. हे लोक पोलिसात जातीन अन् भाऊचंच नाव घेतीन, हे माह्या ध्यानातच नाई आलं."

"आणि बोलत का नव्हता?"

"दुसरी खुर्ची पाह्यली ना तुमी? पोरगी बाळंतपनाले आली हाय घरी. हप्ते हायेत. मी भ्यालो, साहेब."

कार्ड त्याने घरी ठेवलं होतं, स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पितळी डब्यात. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. फाटकावर झडती होते, पण उष्ट्या डब्याच्या तळाशी कोण हात घालणार? पंचांसमक्ष ते जप्त केलं आणि मामाला घेऊन ठाण्यात आलो.

भाऊ त्याही दिवशी येऊन बाकावर बसला होता. मामाला बघून उभा राहिला. मामा दारातच थबकला, हातात भाजीचा डबा. महिनोन्महिने दोघं एका फाटकातून आत-बाहेर करत होते आणि एक शब्द बोलले नव्हते. आता काय बोलणार, याची मलाच धाकधूक वाटली.

भाऊ म्हणाला, "भाजी कायची हाय?"

"वांग्याची," मामा म्हणाला.

हवालदारबाई उठून बाहेर गेल्या. मलाही काही काम आठवलं. दार लोटून घेताना दिसलं, दोघं बाकावर बसले होते आणि मधे दोन डबे उघडे होते.

नंतर मी भाऊला विचारलं, खोटं का बोलला. तो म्हणाला, "कार्ड गेलं म्हनलं तवाच मले समजलं, हे मामाचं काम. त्याच्याबिगर त्या मशीनले कोनाले हात लावता येत नाई. इतके दिवस वाटे, मामा मले विसरला. त्यानं माह्यासाठी येवढं केलं, मंग मी जरासं खोटं बोलू नये काय?"

अजून एक गोष्ट मी त्याला सरळ विचारली, कारण असल्या वेळी आडून विचारण्यात अर्थ नसतो. जिवाचं काही बरंवाईट मनात आलं होतं का? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गेलतो एक डाव रेल्वेच्या पटरीकडं. उरल्या भाकरी रोज गाईले चारून घरी जातो, बायकोले समजू नये म्हून. त्या दिवशी भाकरी हातातच होत्या. गाय वाट पाहत असन, म्हून परत आलो."

त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पाठवायचं ठरवलं तर तो बिथरला. "मी काय बह्याड झालो काय?" तेव्हा हवालदारबाई शांतपणे म्हणाल्या, "मी जातो भाऊ त्याच डॉक्टरकडं. गोळ्या चालू हायेत माह्या. मी बह्याड दिसतो काय तुमाले?" हे मलाही माहीत नव्हतं. रोज समोर बसणारी बाई. मग त्याच त्याला घेऊन गेल्या.

मालक वयस्कर होते, त्यांना बोलावून घेतलं. जावयासमोर त्यांना ते चित्रीकरण दाखवलं, पळवत नाही, आहे त्या गतीने. थोड्या वेळाने त्यांनी पुरे म्हणून हात केला. कार्ड परत मिळालं होतं, कोर्टात रीतसर तडजोड झाली. कामगार अधिकाऱ्याकडे मी अहवाल पाठवला. भाऊला गोदामावर काम मिळालं, मामाची नोकरी राहिली. मॅनेजरला शिक्षा झाली असं मात्र नाही, तो दुसऱ्या शहरातल्या मिलवर गेला. दोन्ही खुर्च्या टपरीवालीने मागून नेल्या. गिऱ्हाइकांना बसायला झाल्या. पुढे मंदीत ती मिलही बंद पडली.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं? तोपर्यंत मी समजत होतो, छळ म्हणजे मारणं, शिव्या देणं. माणसाला उन्हात बसवून त्याच्याशी बोलणं बंद करणं यात रक्त निघत नाही, वळ उठत नाही, डॉक्टरच्या दाखल्यावर काही येत नाही. पण असा माणूस तुरुंगसुद्धा आनंदाने मागतो. त्यानंतर मी जिथे जिथे ठाणेदार राहिलो, तिथे कोणत्याही शिपायाला शिक्षा म्हणून नुसतं बसवून ठेवलं नाही. आणि समोर आलेल्या प्रत्येकाला, मग तो कोणी असो, जेवला का हे विचारलं. लोकांना वाटायचं ही माझी तपासाची युक्ती आहे. ती माझ्या बायकोची होती.

ती दोन वर्षांपूर्वी गेली. निवृत्तीनंतर मी अकोल्यातच राहिलो, मुलगा दूर आहे, फोन करतो. सकाळ कशीही जाते. पेपर असतो, फिरणं असतं. दुपार मात्र जात नाही. फोन समोर ठेवून मी जेवतो, आणि तो वाजत नाही. तो वाजावा, मी खेकसावं, आणि तिने माझं काहीही ऐकून न घेता पुन्हा तेच विचारावं, एवढंच मला हवं असतं. बाकी काही कमी नाही. भाजी मी करायला शिकलो, बरी होते. भाकर काही थापता येत नाही. काठ फाटतात.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी दार वाजलं. भाऊ होता. केस पांढरे झालेले, खांद्याला तीच पिशवी. हवालदारबाईंकडून त्याला माझ्या घरचं कळलं होतं. मामाची चौकशी केली तर म्हणाला, "अकोटले राह्यते आता, लेकीपाशी. ऐतवारी यष्टीनं जातो मी." मी खुर्ची पुढे केली आणि लगेच मागे ओढली. तो हसला. खाली चटईवर बसला, पिशवी उघडली, फडक्याची गाठ सोडली. आत भाकरी होत्या, अजून गरम, दोघांच्या पोटाच्या.

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि विचारलं, "भाजी कायची हाय, साहेब?"